जुन्या घराची भिंत किती सूत?

न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

मेटचेन, हायलंड पार्क किंवा एडिसनच्या जुन्या भागातून फोन येतो तो बहुतेक वेळा असा: "भिंतीला भोक पडलंय, ड्रायवॉलची शीट आणून ठेवली आहे, फक्त बसवून द्या." ड्रायवॉल म्हणजे दोन कागदांमध्ये जिप्सम भरलेली तयार शीट. आमची कळकळीची विनंती आहे, शीट आणण्याआधी भिंतीची जाडी मोजा.

आपले सुतार इंचाचे आठ सूत धरतात. तोच हिशेब इथे कामाला येतो, कारण इथली शीटही तीन, चार किंवा पाच सुताची मिळते. दुकानात समोरच रचून ठेवलेली असते ती चार सुती, म्हणजे अर्धा इंच. अलीकडच्या घरांच्या भिंतींना बहुधा हीच असते. दुसऱ्या महायुद्धानंतर भराभर उभ्या राहिलेल्या घरांत कधी तीन सुतीही निघते. घर १९२०-३० च्या सुमाराचं असेल, तर ती बहुतेक ड्रायवॉल नसतेच. लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर प्लास्टर चढवलेलं असतं. पुढे पट्ट्यांच्या जागी जिप्समचे तीन सुती तुकडे आले, पण वर प्लास्टर होतंच. दोन्हींत एकूण जाडी सात सुतांच्या आसपास जाते, आणि एकाच भिंतीत ती थोडी कमी-जास्तही असते.

गेल्या हिवाळ्यात एका घरी नळदुरुस्तीसाठी कापलेलं भोक आधीच कुणीतरी चार सुती तुकड्याने बुजवलं होतं. उरलेला तीन सुतांचा खड्डा जॉइंट कंपाउंडने, म्हणजे शीटचे सांधे बुजवायच्या लगद्याने, एकदाच भरला होता. तो सुकून आकसला, चारही कडांना भेगा गेल्या आणि संध्याकाळचा तिरपा उजेड पडला की भिंतीवर चौकट उठून दिसायची. आम्ही ते सगळं काढलं. आत पट्ट्यांच्या फटींतून मागे ओघळून सुकलेले प्लास्टरचे गोळे दिसत होते. तिथल्या पट्ट्या आधीच कापून टाकलेल्या होत्या, म्हणून चार सुतीवर तीन सुती शीट बसवली आणि सात सूत जुळले. पट्ट्या शाबूत असत्या, तर त्यांची दोन सूत जाडी वजा जाऊन एकच पाच सुती शीट पुरली असती.

मोजायचं कसं? आधी टाचणी टोचून पाहा. अंगठ्याने दाबून आत गेली तर ड्रायवॉल, अडली तर बहुधा प्लास्टर. मग ब्रेकर बंद करा, टेस्टरने खात्री करा, स्विचची प्लेट काढा आणि स्विचच्या डब्याशेजारच्या कापलेल्या कडेला मोजपट्टी लावा. हीटिंगच्या हवेची जाळी काढूनही कड दिसते आणि तिथे विजेची भीती कमी.

गॅरेज आणि घर यांच्यामधल्या भिंतीला पाच सुती, आगीला जास्त वेळ तोंड देणारी शीट असेल, तर तिथे पातळ तुकडा मुळीच लावू नका.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, आणि जुन्या जॉइंट कंपाउंडमध्ये ॲस्बेस्टॉस. तपासणी होईपर्यंत घासू नका, कापू नका. घरात लहान मुलं असतील तर याबाबत आम्ही जराही तडजोड करत नाही.

फोन करण्याआधी त्या कडेला मोजपट्टी टेकवून फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. शीट आम्ही येताना घेऊन येऊ.