किडीच्या भीतीने वाटलेलं पाणी

भातावर कीड वाढली की उतारा घटतो, हे सांगायला गणित लागत नाही. पण कीड वाढल्यामुळे दोन शेतकऱ्यांचं मिळून उत्पन्न वाढू शकतं, हे मात्र गणित मांडल्याशिवाय कुणाला पटणार नाही. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन मिलर यांनी इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या भातखाचरांबद्दल हा विचित्र निष्कर्ष २००५ साली मांडला. त्यामागची आकडेमोड पाठकोऱ्या कागदावर होण्याइतकी सोपी आहे, म्हणून ती आधी करून बघू. आकडे माझे, युक्तिवाद त्यांचा.

एका ओढ्यावर दोन खाचरं आहेत, एक वर आणि एक खाली. पाणी पुरलं आणि कीड लागली नाही तर प्रत्येकाला १०० पोती भात होतो. दोघांनी एकाच वेळी लावणी केली तर पाणीही दोघांना एकाच वेळी हवं असतं. वरचा आधी घेतो, खालच्याला कमी पडतं. वरच्याला १०० पोती, खालच्याला ६०. लावण्या पुढेमागे केल्या तर पाणी दोघांना पुरतं, पण कीड हलते: एकाची कापणी झाली की तिथले तुडतुडे आणि उंदीर शेजारच्या उभ्या पिकात शिरतात. समजा यात प्रत्येकाचं ३० पोत्यांचं नुकसान होतं. म्हणजे दोघांना ७०-७०.

आता खालचा काय करेल? त्याला ६० पेक्षा ७० बरे, म्हणून तो वरच्याची वेळ टाळायला बघेल. वरच्याला ७० पेक्षा १०० बरे, म्हणून तो खालच्याची वेळ गाठायला बघेल. हा पाठशिवणीचा खेळ कधी संपत नाही. निम्म्या हंगामांत वेळा जुळतात, निम्म्या हंगामांत जुळत नाहीत, आणि दोघांची मिळून सरासरी १५० पोत्यांवर येते.

मग किडीचा जोर वाढतो. वेळ चुकली तर नुकसान आता ३० नाही, ५० पोत्यांचं. खालच्यासमोर ६० की ५० असा हिशेब उभा राहतो आणि तो मुकाट्याने वरच्याबरोबर लावणी करतो. एकूण उत्पन्न १६० पोती. कीड वाढली आणि भातही वाढला.

याची पुढची पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. पाणी इतकं तोकडं आहे की एकाच वेळी लावणी केली तर खालच्याला ४०च पोती मिळणार, असं धरा. मग तो वेगळी वेळ गाठायला बघेल, कारण वेळा चुकल्या तर दोघांना ५०-५० मिळतात; पुन्हा तोच पाठशिवणीचा खेळ, आणि वरच्याची सरासरी ७५ वर येते. अशा वेळी वरच्याने थोडं पाणी खाली सोडलं, स्वतःची १५ पोती गमावली आणि खालच्याला ५५ पर्यंत आणलं, तर खालचा वेळ जुळवायला तयार होतो. वरच्याच्या पदरात ८५ पडतात. पाणी त्याने दिलं ते दानधर्म म्हणून नाही. खालच्याची वेळ त्याने विकत घेतली. बालीत शेतकऱ्यांना विचारलं, की पाण्याची टंचाई जास्त जाचते की कीड, तेव्हा वरच्या अंगाचे बहुतेक जण कीड म्हणाले आणि खालच्या अंगाचे पाणी.

बालीतली भातशेती डोंगरउतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचरांत होते. नद्या खोल घळींतून वाहतात, त्यामुळे पाणी बंधाऱ्याने अडवून बोगद्यांतून आणि पाटांतून फिरवावं लागतं. बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचा उल्लेख तिथल्या नवव्या शतकातल्या कोरीव लेखांत सापडतो. एका पाटावरच्या शेतकऱ्यांच्या संघटनेला सुबक म्हणतात. बेटावर अशी सुमारे १,२०० सुबक आहेत आणि एकेकात साधारण ५० ते ४०० शेतकरी असतात. पाणी फुटतं त्या प्रत्येक महत्त्वाच्या जागी देऊळ असतं. लहान देवळात एका सुबकची बैठक होते, मोठ्या देवळात अनेक सुबकांची. सगळ्यांच्या वर बातुर ज्वालामुखीच्या कड्यावरचं जलदेवतेचं मंदिर आहे. कोणत्या खोऱ्यात लावणी कधी आणि खाचरं किती दिवस नुसत्या पाण्याखाली ठेवायची, हे या बैठकांतून ठरतं. दोन-चार खाचरं रिकामी ठेवून कीड मरत नाही, ती शेजारी जाऊन राहते. शेकडो खाचरं एकदम रिकामी झाली तरच तिची उपासमार होते.

१९७०च्या दशकात हरितक्रांती बालीत आली. आयआर-८ हे अधिक उताऱ्याचं वाण, त्यासोबत खत, कीटकनाशक आणि कर्ज. शेतकऱ्यांना सांगितलं गेलं, की देवळाच्या पंचांगाकडे बघू नका, जमेल तितक्या वेळा भात घ्या. पहिले काही हंगाम बरे गेले. मग पाण्याच्या पाळ्यांचा बोजवारा उडाला आणि तपकिरी तुडतुड्यांनी शिवारं फस्त केली. त्यावर उपाय म्हणून नवं वाण आलं, तर त्याच्यावर दुसराच रोग पडला. १९७९ पासून आशियाई विकास बँकेच्या पैशातून बाली सिंचन प्रकल्प सुरू झाला. जुने बंधारे काँक्रीटचे झाले आणि पाण्याचे ठरलेले हिस्से आपोआप पाडणाऱ्या लाकडी खाचांच्या जागी वरखाली करता येणारे लोखंडी दरवाजे आले. अभियंत्यांना दरवाजा म्हणजे नियंत्रण वाटलं. शेतकऱ्यांना त्यात रात्री कुणीही येऊन फिरवू शकेल अशी एक किल्ली दिसली. खाचेतून वाहणारं पाणी पाटावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं, त्यात लबाडी करायला जागा नसते. १९८८ मध्ये बँकेच्याच लेखापरीक्षणाने जुन्या व्यवस्थेची किंमत न ओळखल्याचा फटका मोठा बसल्याची कबुली दिली.

तोवर लान्सिंग यांनी परिसंस्थांची गणिती प्रारूपं बनवणारे जेम्स क्रेमर यांना हाताशी धरलं होतं. ओस आणि पेतानु या दोन नद्यांवरची १७२ सुबक त्यांनी संगणकात उतरवली: पाऊस, नदीचा प्रवाह, भाताची वाढ, किडीची वाढ आणि तिचं स्थलांतर. सुरुवातीला प्रत्येक सुबकला चिठ्ठ्या टाकून पीकवेळापत्रक दिलं. नियम एकच ठेवला. वर्ष संपलं की शेजाऱ्यांचा उतारा बघायचा, कुणाचा आपल्यापेक्षा चांगला असेल तर पुढच्या वर्षी त्याचं वेळापत्रक उचलायचं. प्रारूपात ना पुजारी होता, ना देऊळ, ना सिंचन खातं. तरीही दहाएक वर्षांत एकाच वेळी लावणी करणारे गट तयार झाले आणि त्यांचा नकाशा प्रत्यक्षातल्या देवळांच्या जाळ्याशी बराच जुळला. हे काम १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. देवळं निरुपयोगी आहेत, असा अर्थ त्यातून काढणं घाईचं होईल. प्रारूपातला शेतकरी शब्द मोडत नाही. खऱ्या शेतकऱ्याला तो पाळायला लावणारी बैठक लागते.

२०१७ मध्ये लान्सिंग, व्हिएन्नाचे स्टेफान थुर्नर आणि सिंगापूरच्या काही संशोधकांनी बालीची उपग्रहचित्रं तपासली. वाढतं पीक, कापणी झालेलं, पाण्याने भरलेलं, निचरा झालेलं अशा चार अवस्थांनुसार खाचरं रंगवली आणि एकाच रंगाचे पट्टे मोजले. लहान पट्टे पुष्कळ, मोठे थोडे, आणि नेहमीचा म्हणावा असा आकार कुठलाच नाही. तापवलेल्या लोखंडाचं चुंबकत्व जाताना, एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या ऐन सीमेवर, पदार्थविज्ञानात अशी वाटणी ओळखीची आहे. त्यांच्या प्रारूपात शेतकऱ्याचा उतारा दोन गोष्टींनी घटतो: आसपास आपल्या वेळेचे लोक कमी असले की किडीमुळे, आणि सगळ्या खोऱ्यात आपल्या वेळेचे लोक फार झाले की पाण्यामुळे. जवळच्यांशी जुळवून घ्यायचं, दूरच्यांपासून वेगळं राहायचं. या दोन ओढींचा तोल जिथे साधतो तिथे पट्ट्यांची वाटणी उपग्रहचित्रांसारखी येते, आणि एकूण उताराही तिथेच जवळजवळ सर्वाधिक असतो. वरून कुणी आखणी न करता.

हे वाचताना आपल्याकडचे कालवे आठवणं साहजिक आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाजवळचा, ऊस भिजतो आणि टेलची, म्हणजे शेवटाकडची, चारी कोरडी राहते, ही तक्रार महाराष्ट्रातल्या कुठल्याही लाभक्षेत्रात ऐकू येते. तिच्यावर उपाय म्हणून आपण अस्तरीकरण करतो, दरवाजे बदलतो, पथकं नेमतो. बालीच्या कागदावरचा प्रश्न क्वचितच विचारला जातो: टेलच्या शेतकऱ्याचं वाटोळं झालं तर हेडच्या शेतकऱ्याचं काय बिघडतं? बारमाही उसाच्या पट्ट्यात उत्तर आहे, काही नाही. त्याच्या ८५ आणि १०० च्या हिशेबात खालच्याचा आकडा येतच नाही, मग तो पाणी का सोडेल?

धुळे-नाशिककडच्या पांझरा आणि मोसम नद्यांवरच्या जुन्या फड पद्धतीत हा आकडा मुद्दाम घुसवलेला दिसतो. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं, आणि फडांची पिकं पाळीने बदलायची. अनेकांचे तुकडे एकापेक्षा जास्त फडांत असत, त्यामुळे एका फडात हेडला असलेला माणूस दुसऱ्या फडात टेलला सापडे. पाटकरी, जागल्या आणि हवालदार ही माणसं गावाने नेमलेली, त्यांचा मोबदलाही शेतकऱ्यांनीच द्यायचा. २००५ साली महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला आणि पाणी वापर संस्थांना हक्काचा पाणीकोटा मिळाला. त्याआधीच नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर अशा संस्था उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यात पुढाकार घेणारे ओझर परिसरातले शेतकरी कालव्याच्या टेलचे होते. हेडला तेव्हा तशी काही निकड नव्हती.