थर्मोस्टॅट काढला म्हणजे गाडी थंड राहते?

कात्रजच्या घाटात एखादी जुनी पद्मिनी बॉनेट उघडून उभी दिसली की कुणीतरी सांगतंच, "काका, थर्मोस्टॅट काढून टाका. तो थंड देशांसाठी असतो, पुण्यात काय करायचाय?" हा सल्ला साफ चुकीचा आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या जोरावर उघडणारी झडप. साधारण ८२ अंशांना मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि इंजिनातलं पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातं. बाहेर डिसेंबर असो की एप्रिल, इंजिनाला लागणारं तापमान तेच. झडपच नसली तर इंजिन तापायला फार वेळ लागतो. मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा चोक ओढून ठेवावा लागतो, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर बायपासची वाट कायम उघडी राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरतं. म्हणजे घाटात गाडी उलट जास्तच तापणार!

समज पसरला त्याला कारण आहे. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट काढला की गाडी खरंच थंड होते. पण तिथे नवा बसवायचा असतो. तपासणी घरीच होते: पातेल्यात पाणी तापवा (दुधाचं पातेलं घेऊ नका, मी बोलणी खाल्ली आहेत), थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबकळत सोडा, थर्मामीटर धरा. उघडला तर तो निर्दोष. मग बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी तुंबलेला रेडिएटर, सैल फॅनबेल्ट आणि रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग बघा. झाकण मात्र इंजिन गार झाल्यावरच उघडा.