बारव परभणीत, खूण बर्फाच्या समुद्रात

मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी ठरवलं की आपल्या भागातल्या जुन्या बारवा, आड, दगडी विहिरी यांची एक यादी करायची, आणि नुसती नावं लिहून सोडायची नाहीत तर प्रत्येकीची नकाशावर खूण पाहिजे, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मोबाईल पुढं करता येईल. वालूरची चक्राकार बारव, चारठाण्याची बारव या लोकांना ठाऊक असतात हो, पण पांदणीच्या कडेला बाभळीत बुडालेल्या ज्या आहेत त्या त्या गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांनाच माहीत, अन् ती माणसं गेली की विहीर पण गेल्यासारखीच. माझ्याकडं हातात धरायचं जीपीएस मशीन होतं, एका मित्राकडं मोबाईलमधलं ॲप, आणि तिसरा शाळेत मास्तर, त्याचा विश्वास फक्त वहीवर. तीन दिवस उन्हात फिरलो, ४१ खुणा झाल्या. घरी येऊन सगळं कॉम्प्युटरवर एका नकाशात टाकलं तर काही विहिरी पाथरीच्या खाली सरकलेल्या, तीन विहिरी एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या, आणि मित्राच्या अख्ख्या बारा विहिरी नॉर्वेच्याही वर, स्वालबार्ड बेटांजवळच्या बर्फाळ समुद्रात.

मास्तर म्हणला, "मशीन खराब झालंय तुझं."

मशीन एकदम ठणठणीत होतं. साधारण २०,२०० किलोमीटर वर फिरणाऱ्या उपग्रहांचे सिग्नल पकडायचे, त्यांना पोचायला किती वेळ लागला त्यावरून आपली जागा काढायची, हे काम ते नीटच करतं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेनं सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची, तेव्हा शंभर मीटरपर्यंत खूण हलायची. ती चूक काढली तेव्हापासून मोकळ्या आभाळाखाली साधं मशीन पण पाच-दहा मीटरच्या आत आणून सोडतं. मग पाच-दहा मीटरच्या चुकीचे हजारो किलोमीटर झाले कुठं? तर मशीनमधून कॉम्प्युटरमध्ये नेताना.

वेपॉईंट म्हणजे काय तर एक खूण. त्यात अक्षांश, रेखांश, एक नाव, जमलं तर उंची, वेळ आणि एखादं चिन्ह. बस. पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. पण घोळ असा की आकडे पोचतात आणि ते कसे वाचायचे हे बऱ्याचदा मागंच राहतं.

पूर्वी तर प्रत्येक कंपनीच्या मशीनची बोली वेगळी होती, एकीची फाईल दुसरीला कळायची नाही. २००२ मध्ये जीपीएक्स नावाचा फाईलचा प्रकार आला, २००४ मध्ये त्याची १.१ आवृत्ती आली आणि आजही जवळपास सगळं जग तीच वापरतं. जीपीएक्स फाईल ही साधी मजकुराची फाईल असते, नोटपॅडमध्ये उघडून बघा, काही बिघडत नाही. आत प्रत्येक खुणेसाठी एक तुकडा असतो, त्यावर स्पष्ट लिहिलेलं की लॅट (अक्षांश) बरोबर १९.२७, लॉन (रेखांश) बरोबर ७६.७७, खाली नाव, उंची, वेळ. कुठला आकडा कशाचा हे त्याच्या शेजारीच लिहिलेलं असल्यानं गोंधळाला जागा नाही. गार्मिन कंपनीचं मशीन केबलनं कॉम्प्युटरला जोडलं की बऱ्याच मॉडेलमध्ये ते पेनड्राईव्हसारखं दिसतं, गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये जीपीएक्स नावाचं फोल्डर, त्यातली फाईल कॉपी करायची आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा गूगल अर्थमध्ये उघडायची. उलटं पण तसंच, कॉम्प्युटरवर खुणा टाकून फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवायची. ज्यांच्याकडं जुनं, गोल पिनच्या केबलचं मशीन आहे त्यांनी जीपीएसबॅबल हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्यावं, या फाईलचं त्या फाईलमध्ये करण्यात त्याचा हात धरणारं मी तरी पाहिलं नाही.

तर माझ्या मशीनच्या खुणा सरळ आल्या. स्वालबार्डचं काय झालं ते ऐका. मित्राच्या ॲपनं केएमएल फाईल दिली, म्हणजे नकाशावरच्या खुणा ठेवायचा दुसरा प्रकार. हा प्रकार कीहोल नावाच्या कंपनीचा, ती २००४ मध्ये गूगलनं विकत घेतली आणि गूगल अर्थमुळं केएमएल घरोघरी पोचलं. आता आपण तोंडानं नेहमी "अक्षांश-रेखांश" म्हणतो, अक्षांश आधी. केएमएलमध्ये रेखांश आधी लिहितात, मग अक्षांश, मग उंची, मधे नुसते स्वल्पविराम. गणितवाल्यांच्या डोक्यानं ते बरोबरच आहे, आडवा आकडा आधी आणि उभा नंतर. मित्रानं ती ओळ उचलली आणि एक्सेलमध्ये "अक्षांश, रेखांश" अशा रकान्यांखाली चिकटवली. म्हणजे परभणीचं १९.२७ उत्तर, ७६.७७ पूर्व हे उलटून ७६.७७ उत्तर, १९.२७ पूर्व झालं, आणि ती जागा खरंच पांढऱ्या अस्वलांच्या मुलखातल्या समुद्रात येते. आपल्याकडं दोन्ही आकडे ९० च्या आत असल्यानं सॉफ्टवेअर पण हूं की चूं करत नाही. जपानमध्ये रेखांश १२० च्या पुढं असतो, तिथं ही चूक लगेच पकडली जाते, कारण अक्षांश ९० च्या वर जाऊच शकत नाही.

पाथरीची गोष्ट जास्त बारीक आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. एका अंशात ६० मिनिटं असतात. हातातली मशीनं बऱ्याचदा आकडा अंश आणि मिनिटांत दाखवतात, म्हणजे १९ अंश १६.२ मिनिटं. मोबाईल अंशाचाच दशांश दाखवतो. १६.२ ला ६० नं भागलं की ०.२७ येतं, म्हणजे १९.२७, दोन्ही एकच जागा. मास्तरनं काय केलं, मशीनवर बघून वहीत सरळ १९.१६२ लिहिलं, अंशाची ती वरची गोल खूण कुठं काढत बसायची उन्हात. तसंच ७६ अंश ४६.२ मिनिटांचं ७६.४६२ झालं. हिशोब केला तर विहीर १२ किलोमीटर दक्षिणेला आणि ३२ किलोमीटर पश्चिमेला गेली. याचा वाईटपणा असा की चूक डोळ्याला दिसत नाही, परभणी जिल्ह्यातली विहीर परभणी जिल्ह्यातच राहते, नकाशा बघून कुणाला शंका पण येत नाही.

एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या तीन विहिरी हा माझाच पराक्रम. यादी छान दिसावी म्हणून एक्सेलमध्ये पॉईंटनंतर दोनच आकडे दाखवायला सांगितलं आणि सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराची फाईल, करून ठेवली. एक्सेल सीएसव्हीत जे दिसतं तेच लिहितं, मागचे आकडे गायब. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, मग दोन दशांश म्हणजे साधारण एक किलोमीटरची पायरी, त्यात गावाचं अर्धं शिवार मावतं. पाच दशांश ठेवले तर मीटरभराचा हिशोब लागतो. त्याच्या पुढचे सात-आठ आकडे काही ॲप देतात, ती नुसती हौस.

जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सरकारी मोजणीच्या बारीक नकाशांवर, खुणा टाकणाऱ्यांना अजून एक ठेच लागते. जीपीएस पृथ्वीचा जो आकार धरून चालतं त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे मात्र जॉर्ज एव्हरेस्ट या मोजणीवाल्या साहेबानं १८३० मध्ये धरलेल्या आकारावर बेतलेले आहेत. तोच अक्षांश-रेखांश दोन्हीकडं जरा वेगळ्या जागी पडतो, आपल्या भागात शे-दीडशे मीटरचा फरक येतो. रस्ता शोधायला चालून जातं. पण सोयाबीन कमरेला आल्यावर कठडा नसलेली विहीर दीडशे मीटर इकडं-तिकडं दाखवली तर काय होईल ते शेतात फिरणाऱ्याला सांगायला नको. क्यूजीआयएसमध्ये नकाशा घेताना तो कुठल्या आकारावरचा आहे ते निवडता येतं, मग पुढची आकडेमोड तेच करतं.

उंचीचं पण असंच, माझं मशीन एका पायरीवर जी उंची दाखवायचं त्यापेक्षा मित्राचं ॲप साठ मीटरच्या वर कमी दाखवायचं. त्याचं ॲप पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून मोजत होतं, माझं मशीन समुद्रसपाटीपासून, आणि भारताच्या या भागात समुद्रसपाटीची कल्पित पातळी त्या गणिती आकाराच्या बरीच खाली आहे.

नावांची तर मजाच. देवनागरीत लिहिलेलं नाव माझ्या मशीनला कळलं नाही, प्रश्नचिन्हांची रांग आली. अजून जुन्या मशीनमध्ये नावाला सहाच इंग्रजी अक्षरं, आणि जीपीएसबॅबल नाव बसवायला त्यातले स्वर गाळतं, त्यामुळं चारठाण्याचं नुसतं "च्रठ्न" होतं. आता आम्ही मशीनमध्ये फक्त नंबर ठेवतो आणि नावं वेगळ्या यादीत.

४१ पैकी ४० विहिरी आपापल्या गावी परत आल्या. राहिली एक. मास्तरच्या वहीत १९.३१०४, ७६.५४२२ असं लिहिलंय आणि पुढं "बाभळीजवळची". पॉईंटनंतरचे पहिले दोन आकडे ६० च्या वर असते तर ती मिनिटं नाहीत हे कळलं असतं, पण इथं ३१ आणि ५४. मोबाईलवर बघून लिहिलं असेल तर विहीर मानवतजवळ, मशीनवर बघून लिहिलं असेल तर पार औंढ्याच्या अलीकडं, दोन्हीत ४०-४५ किलोमीटरचं अंतर आणि त्या दिवशी आम्ही दोन्हीकडं गेलो होतो. मास्तरला विचारलं, कशावर बघून लिहिलं होतंस? तो म्हणला, "आता ते कसं सांगू, बाभूळ मात्र मोठी होती." सोयाबीन निघालं की आधी मानवतकडं जायचं ठरलंय.