पद्मिनीच्या पाट्यांमधले रबर

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी या मोटारीची मागची रचना जुन्या पद्धतीची आहे. दोन्ही चाकांमध्ये एकच अखंड एक्सल असतो आणि गाडीचे वजन दोन बाजूंच्या पाट्यांमधून, म्हणजे कमानदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांमधून, त्यावर येते. पाट्याचे पुढचे टोक बॉडीला पिनेने जोडलेले असते, तर मागचे टोक शॅकल नावाच्या हलत्या दुव्याला, कारण वजनाखाली पाटा सपाट होऊ लागला की त्याच्या टोकांमधले अंतर वाढते आणि त्या वाढीला वाट द्यावी लागते. पिन आणि पाट्याचा डोळा, म्हणजे त्याच्या टोकाचे गोल भोक, यांच्या मध्ये रबरी बुश, म्हणजे नळीसारखा तुकडा, असतो.

हा बुश बेअरिंगसारखा गरगर फिरत नाही. घट्ट आवळल्यावर त्याची आतली बाजू पिनेला आणि बाहेरची बाजू डोळ्याला धरून राहते. पाटा हलतो तेव्हा मधले रबर फक्त पिळले जाते आणि भार उतरला की पूर्ववत होते. कोंडलेले रबर दाबून त्याचे आकारमान कमी करणे अत्यंत कठीण, मात्र त्याला पीळ देणे त्याच्या हजारपटीहूनही सोपे असते. म्हणूनच बुश वजन पेलतो आणि सांधाही मोकळा ठेवतो. शिवाय प्रत्येक पिळात थोडी ऊर्जा उष्णतेत जिरते, त्यामुळे रस्त्याची बारीक थरथर बॉडीपर्यंत कमी पोहोचते.

मुंबईत टॅक्सी म्हणून पद्मिनी २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौसेने जपलेल्या पद्मिनी बऱ्याचदा उभ्याच असतात, पण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. हवेतला ओझोन रबराच्या लांब रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो आणि पृष्ठभागावर भेगा पडतात. ऑक्सिजनमुळे ते कडक होते, तर गळलेल्या तेलाने फुगून मऊ पडते. मग गतिरोधकावर मागून ‘ठक्’ असा आवाज येतो. एक्सल किंचित तिरका सरकू लागला, तर वळणावर गाडी मागूनच स्टिअरिंग फिरवल्यासारखी वागते.

बुश बदलताना बॉडी भक्कम स्टँडवर ठेवून एक्सलखाली वेगळा जॅक लावावा, म्हणजे पाट्यातला ताण उतरवता येतो. गंजलेली पिन निघत नसेल तर गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. जुने रबर जाळून काढण्याची पद्धत काही गॅरेजांत दिसते. विषारी धुरामुळे ती टाळलेलीच बरी. नवा बुश बसवताना साबणाचे पाणी वापरावे, साधे ग्रीस नको.

सर्वांत महत्त्वाची पायरी मात्र शेवटी येते आणि नेमकी तीच घाईत राहून जाते. नट आधी हातानेच लावावेत, गाडी चाकांवर उतरवून दोन-चार वेळा दाबून सोडावी आणि पूर्ण वजन आल्यावरच ते आवळावेत. एक्सल लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा कोरा बुशही लवकर फाटतो.

पॉलियुरेथेन या कृत्रिम पदार्थाचे बुश अधिक टिकतात, परंतु ते बहुधा पिनेवर घसरत फिरतात, त्यांना सिलिकॉन ग्रीस लागते आणि ग्रीस सुकले की बुश करकरतात. पद्मिनीच्या संथ चालीला साधे रबरच शोभते.