सॉफ्टवेअरमधील मेट्रिक एकके, चिन्हे आणि उपसर्ग

एककांची नावे, त्यांची चिन्हे आणि दहाच्या घातांचे उपसर्ग संगणक-प्रणालींत आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या (एसआय) नियमांनुसार लिहिण्याची रीत. या पद्धतीला १९६० मध्ये वजन-मापांच्या अकराव्या सर्वसाधारण परिषदेने हे नाव दिले. २०२२ मध्ये रोना, क्वेटा, रोन्टो आणि क्वेक्टो या चार उपसर्गांची तीत भर पडली.

एककाचे चिन्ह हा संक्षेप नव्हे. म्हणून त्यापुढे पूर्णविराम देत नाहीत, त्याचे अनेकवचन करत नाहीत आणि रोमन अक्षर स्मॉल की कॅपिटल, यावर त्याचा अर्थ ठरतो. स्मॉल ‘के’ म्हणजे किलो, तर कॅपिटल ‘के’ म्हणजे केल्व्हिन. स्मॉल ‘एम’ उपसर्ग म्हणून मिली, तर कॅपिटल ‘एम’ मेगा. सॉफ्टवेअरमध्ये घोळ होतो तो बहुधा इथेच. शीर्षके आणि बटणे सरसकट कॅपिटल अक्षरांत दाखवणारी एखादी शैली-आज्ञा ५ मिलिवॅटचे ५ मेगावॅट करून टाकते, म्हणजे मूल्य एक अब्ज पटींनी फुगते, आणि मूळ विदा अचूक असल्याने चाचणीत ही चूक सहसा सापडतही नाही. मायक्रोची गत याहून वाईट आहे : त्याचे चिन्ह ग्रीक ‘म्यू’ असून त्याचे कॅपिटल रूप रोमन ‘एम’सारखेच दिसते. शिवाय युनिकोडमध्ये मायक्रो-चिन्ह आणि ग्रीक अक्षर यांना वेगवेगळे संकेतांक आहेत, त्यामुळे सामान्यीकरण (म्हणजे अशा जुळ्या चिन्हांचे एकाच संकेतांकात रूपांतर) न केलेल्या मजकुरात डोळ्यांना सारखी दिसणारी दोन चिन्हे शोधताना जुळत नाहीत.

संख्या आणि चिन्ह यांत जागा सोडावी लागते. पडद्यावर ती न तुटणारी असावी, नाहीतर संख्या एका ओळीत आणि एकक पुढच्या ओळीत जाते. कोनाचे अंश, मिनिटे व सेकंद यांची चिन्हे मात्र संख्येला चिकटून येतात.

स्मृतीच्या मोजमापात किलो म्हणजे १,००० की १,०२४, हा वाद जुना आहे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ मध्ये दोनाच्या घातांसाठी किबी, मेबी, गिबी हे स्वतंत्र उपसर्ग ठरवले, तरी व्यवहारात जुनी सवय टिकून आहे. एक टेराबाइटची तबकडी विंडोजमध्ये सुमारे ९३१ ‘गिगाबाइट’ दिसते. तिथे मोजणी गिबीबाइटची आणि नाव गिगाबाइटचे असते. ‘१.४४ मेगाबाइट’च्या फ्लॉपीने तर दोन्ही पद्धतींची खिचडी केली होती : तिच्यातला मेगाबाइट १,००० गुणिले १,०२४ बाइटांचा, म्हणजे कोणत्याच नियमात न बसणारा होता.

यंत्रांमधील देवाणघेवाणीसाठी, विशेषतः वैद्यकीय विदेत, ‘यूकम’ ही एकक-संकेतावली वापरतात. तिच्यात मायक्रोसाठी साधे ‘यू’ अक्षर आहे, आणि स्मॉल-कॅपिटल भेद न पाळणाऱ्या प्रणालींसाठी वेगळी संकेतमाला दिलेली असून तिच्यात मिलीसाठी ‘एम’ हे एकच अक्षर, तर मेगासाठी ‘एम-ए’ ही दोन अक्षरे योजली आहेत.