मिठी नदी : मानवनिर्मित ऱ्हास आणि पूर

मुंबईच्या उपनगरांतून वाहणारी सुमारे १८ किमी लांबीची नदी. विहार तलावाच्या सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्यातून ती सुरू होते. थोड्या अंतरावर पवई तलावाचे ओसंडणारे पाणी तिला मिळते. पुढे मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी असा प्रवास करून ती माहीमच्या खाडीतून अरबी समुद्राला जाते. पावसाळा सोडला तर तिच्या पात्रात मुख्यतः सांडपाणीच वाहते, त्यामुळे कित्येक मुंबईकर तिला नाला समजत आले. पर्यावरणाच्या हानीला ‘माणूस’ जबाबदार आहे असे आपण सर्रास म्हणतो. ही जबाबदारी नेमक्या कोणत्या माणसांवर आणि कोणत्या निर्णयांवर येते, हे मिठीच्या बाबतीत बऱ्यापैकी ठामपणे दाखवता येते. म्हणून तिचा इतिहास मुंबईबाहेरच्या वाचकालाही महत्त्वाचा आहे.

नदी आणि खाडी यांत माणसाने केलेले पहिले मोठे बदल गरजेपोटी झाले. मुंबईला पिण्याचे पाणी हवे होते. त्यासाठी मिठीच्या खोऱ्यात बांध घालून विहार तलाव बांधला गेला, त्याचे काम १८६० मध्ये पूर्ण झाले. पवई तलाव १८९० च्या सुमारास झाला. या तलावांमुळे वरच्या भागातला पाऊस अडू लागला. मात्र तलाव भरून वाहू लागले की सगळे पाणी एकदम खाली येते. मुखाशी माहीमची खाडी ओलांडताना नावा बुडून माणसे मरत. तिथे बांधलेला भरावाचा रस्ता १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी मोठी देणगी दिली होती. या कामांना दोष देणे अन्यायाचे होईल, पण नदीच्या तोंडाचा संकोच तिथूनच सुरू झाला, ही नोंद घ्यावी लागते.

खरा ऱ्हास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. विमानतळाच्या विस्तारासाठी नदीचा प्रवाह धावपट्टीच्या कडेने काटकोनात वळवला गेला आणि काही ठिकाणी धावपट्टीखालून नेला गेला. नदी वळण घेते ती आपल्या उताराने. काटकोनात वळवलेले पाणी तिथे तुंबते, गाळ टाकते आणि जोर वाढला की बाहेर पडते. त्याच्या खाली, वांद्रे आणि कुर्ला यांच्यामध्ये, भरतीचे पाणी पसरायला दलदल आणि तिवरांचे जंगल होते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७७ मध्ये या भागाचे विशेष नियोजन प्राधिकरण झाले. पुढे सुमारे ३७० हेक्टरांवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. बँका, शेअर बाजार, हिऱ्यांचा बाजार आणि वकिलाती आज जिथे आहेत, तिथे पूर्वी पुराच्या पाण्याला जागा होती. तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात आणि पाण्याचा वेग मोडतात. भराव घातला की ही दोन्ही कामे थांबतात.

काठावरच्या वस्त्यांचा आणि धंद्यांचा वाटाही खरा आहे. साकीनाका-कुर्ला पट्ट्यात भंगाराची गोदामे, तेलाचे पिंप धुणारे कारखाने आणि छोटे रासायनिक उद्योग वाढले. गुरांच्या तबेल्यांचे शेण पात्रात गेले. प्रक्रिया न केलेला मैला मिसळला, आणि बांधकामांचा राडारोडा रात्री ट्रक रिकामे करून किनाऱ्यावर टाकला गेला. पात्र ठिकठिकाणी अरुंद आणि उथळ झाले. पण झोपडीचे सांडपाणी नदीत जाते, कारण तिथे मलवाहिनी पोहोचलेली नसते. शिवाय त्या झोपडीतला माणूस काठावर आला तो शहराने त्याला दुसरी जागा परवडेल अशी ठेवली नाही म्हणून. पूर आला की ‘अतिक्रमणे’ हा शब्द याच माणसांसाठी वापरला जातो. विमानतळाची धावपट्टी आणि काचेच्या इमारती रीतसर परवानगीने झाल्या म्हणून त्यांच्यासाठी तो कोणी वापरत नाही. पाण्याच्या दृष्टीने दोन्ही अडथळेच आहेत, आणि मोठा अडथळा परवानगीचा होता.

२६ जुलै २००५ रोजी या सगळ्याची एकत्र परीक्षा झाली. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पावसाची नोंद झाली. विहार तलावाजवळ तो १,००० मिमीच्याही वर गेला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी पाऊस पडला. तलाव ओसंडले, दुपारनंतर समुद्राला मोठी भरती आली आणि मिठीला पाणी सोडायला वाटच उरली नाही. कुर्ला, कलिना, सायन, धारावी आणि वांद्रे पूर्व पाण्याखाली गेले. विमानतळ बंद पडला, लोकल थांबल्या. लाखो माणसांनी रात्र कार्यालयांत, बसगाड्यांत आणि अनोळखी लोकांच्या घरांत काढली. त्या दिवसांतल्या पावसाने आणि पुराने महाराष्ट्रात १,००० हून अधिक बळी घेतले. त्यांतले ४०० हून अधिक मुंबईतले होते.

इतका पाऊस कोणत्याही शहराला झेपला नसता, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या ब्रिटिश काळातल्या हिशेबाने ताशी २५ मिमी पावसासाठी आणि तोही ओहोटी असताना बांधलेल्या होत्या. ही क्षमता ताशी ५० मिमी करावी, अशी शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ मध्येच केली होती. १९८५ च्या पुरानंतर मागवलेला हा अहवाल २००५ पर्यंत बारा वर्षे महापालिकेच्या हाती होता. सूचना मिळूनही काम झाले नाही, तेव्हा आपत्तीला केवळ नैसर्गिक म्हणण्याचा अधिकार संपतो, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

पुरानंतर राज्य सरकारने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल २००६ मध्ये आला. ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. वरच्या टप्प्याचे काम महापालिकेकडे आणि खाडीलगतचा सुमारे ६ किमीचा टप्पा महानगर प्राधिकरणाकडे गेला. ज्या संस्थेने खालच्या दलदलीवर भराव घातला होता, तिच्याकडेच तिथल्या नदीची देखभाल आली. पात्र रुंद व खोल केले गेले, हजारो झोपड्या हलवल्या गेल्या आणि दोन्ही काठांना संरक्षक भिंती बांधल्या गेल्या. रुंदीकरणाने वहनक्षमता वाढली हे मान्य करावे लागेल. भिंतींबद्दल मात्र शंका आहे. काठ सिमेंटचा झाला की पाणी जमिनीत मुरत नाही, आणि बाजूच्या वस्तीतले पाणीही नदीत उतरायचे तर फटी शोधते.

तिवरांबाबत न्यायालयाने ठाम भूमिका घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यातील तिवरांच्या तोडीस आणि त्यांवर भराव घालण्यास मनाई केली. २०१८ च्या अंतिम निकालात ही मनाई कायम ठेवली. राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. धारावीच्या बाजूला, मिठीच्या काठी, एकेकाळचे कचऱ्याचे मैदान होते. तिथे वाढवलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ मध्ये खुले झाले. नासवलेली जमीन माणूस सुधारूही शकतो, याचा याहून जवळचा पुरावा मुंबईत नाही.

मिठीच्या पुराचा दुसरा भाग नदीच्या खोऱ्याबाहेर, वातावरणात घडतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० होते, आता ते ४२० च्या पुढे गेले आहे. कोळसा, खनिज तेल व वायू जाळणे आणि जंगलतोड ही त्याची मुख्य कारणे आहेत, याबाबत शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे त्यात दिसले. त्याचा संबंध तापत्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी लावला गेला. यावरून एकट्या २६ जुलैचा हिशेब तापमानवाढीच्या खात्यावर टाकता येत नाही. पण असे दिवस वाढत जाणार, हे सांगता येते.

या खात्यातली जबाबदारीही सारखी वाटलेली नाही. आजवर हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे एक चतुर्थांश, अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा त्या मानाने फार थोडा आहे. कुर्ल्याच्या क्रांतीनगरमध्ये राहणाऱ्या कुटुंबाचा तर नगण्यच म्हणावा लागेल. तरीही पाणी चढले की आधी घर सोडावे लागते ते त्याच कुटुंबाला. २ जुलै २०१९ रोजी सांताक्रूझला ३७५ मिमी पाऊस झाला, तेव्हा क्रांतीनगरच्या रहिवाशांना हलवावे लागले. १९ ऑगस्ट २०२५ रोजीही तेच झाले. ‘सामायिक पण भिन्न जबाबदारी’ हे १९९२ च्या रिओ परिषदेत मान्य झालेले तत्त्व देशांमधल्या वाटपाबद्दल आहे. मिठीच्या काठी ते एका शहराच्या आतही लागू करावे लागेल.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी मिठीतला गाळ उपसला जातो. मे २०२५ मध्ये याच गाळउपशाच्या कामात सुमारे ६५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. नदीच्या पाणलोट क्षेत्रात येणाऱ्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली होती. सांडपाणी नदीत पडण्याआधी अडवून शुद्धीकरण केंद्रांकडे वळवण्याची आणि मुखाशी भरतीचे पाणी रोखणारी दारे बसवण्याची कामे महापालिकेने हाती घेतली आहेत.