मेलेल्याचा रंग कोणता? मॅक्लेस्की खटल्याची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मृत्युदंडातला वर्णभेद म्हटलं की आरोपीचा रंग आठवतो. जॉर्जिया राज्याचे कागद चाळले तर आधी दिसतो तो बळीचा रंग.

१८६१ च्या तिथल्या दंडसंहितेत लपवाछपवी नव्हती. कृष्णवर्णीयाने गोऱ्या स्त्रीवर बलात्कार केला तर मृत्युदंड. तोच गुन्हा दुसऱ्या कुणी केला तर २ ते २० वर्षं कैद. आणि पीडिताच कृष्णवर्णीय असेल तर दंड व कैद, किती ते कोर्टाच्या मर्जीवर!

यादवीनंतर ही भाषा कायद्यातून गेली, मर्जी राहिली. १९३० पासून देशभरात बलात्कारासाठी ४५५ जणांचा मृत्युदंड अमलात आला. त्यातले ४०५ कृष्णवर्णीय. १९७२ मध्ये ‘फरमन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळचे मृत्युदंडाचे कायदे मोडीत काढले, तर १९७६ मध्ये जॉर्जियाच्याच सुधारित कायद्याला मान्यता दिली. आता दोष आधी ठरणार, शिक्षा नंतर वेगळ्या सुनावणीत. मनमानी संपेल, अशी अपेक्षा.

१९७८ मध्ये अटलांटात फर्निचरच्या दुकानावरच्या दरोड्यात एक गोरा पोलीस मारला गेला. वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीयाला मृत्युदंड झाला. त्याच्या अपिलात प्रा. डेव्हिड बाल्डस यांनी राज्यातल्या दोन हजारांवर प्रकरणांचा हिशेब मांडला: बळी गोरा असेल तर ११ टक्के प्रकरणांत मृत्युदंड, कृष्णवर्णीय असेल तर १ टक्का. इतर घटक वजा करूनही फरक ४.३ पट उरत होता.

१९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की आकडे खरे धरले तरी पुरेसे नाहीत. याच खटल्यात जाणूनबुजून भेदभाव झाल्याचं दाखवा. हा युक्तिवाद मानला तर सगळी फौजदारी व्यवस्थाच प्रश्नात येईल, अशीही बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्या. पॉवेल यांना धास्ती. विरोधी मत देणाऱ्या न्या. ब्रेनन यांनी तिला अति न्यायाची भीती म्हटलं. निवृत्त पॉवेल यांनी १९९१ मध्ये आपल्या चरित्रकाराला सांगितलं की ते मत आज बदललं असतं. त्याच सप्टेंबरात मॅक्लेस्कीला विजेच्या खुर्चीत बसवलं गेलं.

पण न्यायालयाला हवा तसा पुरावा आरोपीच्या हाती लागतो कधी? १९८७ मध्येच जॉर्जियात टिमोथी फॉस्टरला सगळ्या गोऱ्या ज्यूरीने मृत्युदंड दिला. सरकारी वकिलांचे टिपणकागद त्याला माहितीच्या कायद्याखाली मिळाले २००६ मध्ये. ज्यूरी ज्यांच्यातून निवडायची त्या लोकांच्या यादीत कृष्णवर्णीयांची नावं हिरव्या हायलायटरने रंगवलेली, शेजारी ‘ब्लॅक’मधलं ‘बी’ हे अक्षर. ती शिक्षा रद्द व्हायला २०१६ उजाडलं.